अपोलोने घडवलं, पण हात माझा होता : ग्रीक शोकांतिकेतलं नशीब

ग्रीक पुराणातल्या ईडिपस राजाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. ‘तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील’ असं भाकीत झालं. ते टाळायला त्याने घरदार सोडलं, आणि घर सोडल्यामुळेच ते खरं झालं. गोष्ट अशी ऐकली की माणूस मान डोलावतो, ‘विधिलिखित कुणाला चुकलंय’ म्हणतो आणि मोकळा होतो. ग्रीक शोकांतिकेबद्दल आपल्या कानावर असतं ते बहुतेक एवढंच: वर कुणीतरी दोऱ्या ओढतंय आणि खाली माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतायत.

नाटक प्रत्यक्ष वाचायला घेतलं की हे चित्र टिकत नाही. शेवटाकडे ईडिपस स्वतःचे डोळे फोडून राजवाड्याबाहेर येतो. थीब्ज शहरातली म्हातारी माणसं, म्हणजे नाटकातला कोरस, हादरून विचारतात: कुठल्या देवाने तुला हे करायला लावलं? तो सांगतो, अपोलोने, मित्रांनो, अपोलोने माझे हे भोग पुरे केले. पण वार करणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता. देव आणि आपण, दोघांची नावं तो एका दमात घेतो. एक ठेवून दुसरं खोडायची त्याला गरज वाटत नाही. आपल्याला मात्र ती सारखी वाटते: हे नशिबाने झालं की तुझ्या करणीने, एक काय ते सांग. ग्रीक नाटककार असा हिशेब मांडतच नाहीत. एकाच कृत्यावर देवाचा आणि माणसाचा असे दोन हात असू शकतात, असं धरून ते चालतात.

आधी थोडी माहिती. आज पूर्ण उरलेल्या ग्रीक शोकांतिका जेमतेम ३२-३३ आहेत. जवळजवळ सगळ्या अथेन्सच्या, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या, आणि तिघांच्या नावावर: एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस. एकट्या सोफोक्लीसने शंभराहून जास्त नाटकं लिहिली, त्यातली ७ उरली. वसंत ऋतूत डायोनिसस देवाचा मोठा उत्सव असे, तेव्हा अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर हे प्रयोग होत. रीतसर स्पर्धा असे. प्रत्येक नाटककार तीन शोकांतिका आणि वर एक थट्टामस्करीचं नाटक घेऊन उतरे. चेहऱ्यावर मुखवटे, बोलणारे नट फार तर तीन, आणि गाणारा-नाचणारा १२ ते १५ जणांचा कोरस. कोरसचा खर्च शहरातल्या एखाद्या धनिकाने उचलायचा, तोही हौस म्हणून कमी आणि नागरिकाचं कर्तव्य म्हणून जास्त.

गोष्टी बहुतेक पुराणातल्याच असत. प्रेक्षकांना त्या आजीकडून ऐकून पाठ. म्हणजे भाकीत खरं होणार की नाही, हा प्रश्न त्या उतारावर बसलेल्यांपैकी कुणालाच पडलेला नसे. शेवट ठाऊक आहे आणि त्यात बोटभरही बदल करता येत नाही, अशा जागी प्रेक्षक बसलेला असतो. जवळजवळ देवाच्याच जागी. मग त्याची नजर आपोआप दुसरीकडे वळते: हा माणूस आता काय बोलतो, कुठे ताडकन उठतो, कुठे थांबायला हवं होतं आणि थांबत नाही.

सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’ साधारण इ.स.पू. ४२९ चं मानतात. पु. ल. देशपांड्यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलं. अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० ला भयंकर साथ आली होती, आणि या नाटकाचा पडदा (पडदा नसायचाच म्हणा) उघडतो तो साथीने गांजलेल्या शहरात. आता एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही ती बघा. नाटक सुरू होतं तेव्हा भाकीत खरं होऊन कित्येक वर्षं लोटलेली आहेत. बाप मेलाय, आईशी लग्न झालंय, चार मुलं झालीत. डेल्फीला अपोलोच्या देवळात ऐकलेलं सगळं केव्हाच पार पडलंय. आपल्यासमोर चालतो तो फक्त तपास: जुन्या राजाला, लायसला, कुणी मारलं? हा तपास ईडिपसने स्वतः अंगावर घेतलाय, आणि तो सोडून देण्याच्या संधी त्याला एकामागून एक मिळतात.

पहिली संधी आंधळा द्रष्टा टायरेसियस देतो. मला घरी जाऊ दे, तुझं तुला आणि माझं मला सोसू दे, असं म्हणतो. ईडिपस त्याच्यावरच कटाचा आरोप करतो आणि उत्तर काढून घेतो. मग बायको योकास्टा त्याची समजूत घालायला येते. भाकितांचं काय घेऊन बसलास, म्हणते. लायसला मुलाच्या हातून मरण होतं, पण त्याला मारलं परक्या लुटारूंनी, तीन रस्ते मिळतात तिथे. बोलण्याच्या ओघात आलेला हा तपशील. तिला तो महत्त्वाचाही वाटत नाही. ईडिपस मात्र तिथेच अडकतो: काय म्हणालीस, तीन रस्ते? कुठे? केव्हा? बरोबर किती माणसं होती? धीर द्यायला आलेली बाई त्याच्या पायाखालची जमीन काढून घेते.

पुढे कॉरिंथहून निरोप्या येतो. तो बातमी आणतो चांगलीच: ज्याला तू बाप समजतोस तो राजा म्हातारपणाने वारला. ईडिपस सुटकेचा श्वास टाकतो. फक्त आईची धास्ती उरली म्हणतो. निरोप्या भल्या मनाने ती धास्तीही काढायला जातो: अरे, ती तुझी आई नव्हेच, लहानपणी मीच तुला दुसऱ्या एका मेंढपाळाकडून आणून त्यांच्या ओटीत घातलं. योकास्टाला त्या क्षणी सगळं कळतं. ती विनवते, जिवाची काळजी असेल तर हे शोधू नकोस. ईडिपसला वाटतं, नवरा हलक्या कुळातला निघेल म्हणून ही लाजतेय. तो छाती पुढे काढून म्हणतो, मी दैवाचा मुलगा आहे, भल्या दैवाचा! मला वाटतं साऱ्या नाटकातली सर्वांत क्रूर जागा हीच आहे. तो दैवाचं नाव घेतो ते कौतुकाने, आणि त्याचं बोलणं किती खरं आहे हे त्याच्याखेरीज बहुतेकांना ठाऊक.

शेवटी म्हातारा मेंढपाळ सापडतो. तोही सांगायला तयार नाही, हात पिरगाळावे लागतात. तो म्हणतो, आता मी भयंकर बोलण्याच्या काठावर आलोय. ईडिपस म्हणतो, आणि मी ऐकण्याच्या. तरी ऐकायलाच हवं.

हे ‘ऐकायलाच हवं’ कुठल्याही भाकितात नव्हतं. खुनी शोधून हाकला, असा डेल्फीचा ताजा आदेश होता खरा. पण बायको हात जोडत असताना, म्हातारा रडकुंडीला आलेला असताना, स्वतःच्या जन्मापर्यंत खणत जा असं देवाने सांगितलं नव्हतं. डोळे फोडणंही तसंच. टायरेसियस रागाच्या भरात तसं काही बोलून गेला होता, पण प्रत्यक्षात योकास्टाने फास लावून घेतल्यावर तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना उपसून त्या पुन्हा पुन्हा डोळ्यांत खुपसणारा हात त्याचाच. म्हणून कोरसला दिलेलं ते उत्तर नुसतं टाळीचं वाक्य ठरत नाही. अख्खं नाटक त्याने जगून दाखवलेलं आहे.

मग त्याचा दोष काय? हा प्रश्न हमखास येतो. तिठ्यावर एका गाडीने त्याला रस्त्यातून ढकललं, गाडीतल्या म्हाताऱ्याने डोक्यात पराणी हाणली, आणि त्याने काठीच्या एका तडाख्यात म्हाताऱ्याला लोळवून बाकीच्यांनाही मारलं. त्यांच्यातला एकटाच काय तो जीव घेऊन पळाला. संताप आहेच. पण हाच माणूस आईबापांना इजा होऊ नये म्हणून राजपुत्रपद सोडून निघालेला होता. ज्या तडफेने त्याने तिठ्यावर काठी चालवली, त्याच तडफेने स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवून शहर वाचवलं. त्याच तडफेने, लोक विचारायच्या आत, मेहुण्याला डेल्फीला धाडलं. हा भाग चांगला, हा वाईट, असा त्याचा स्वभाव चिरता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने शंभरएक वर्षांनी शोकांतिकेवर लिहिताना हेच नाटक पुन्हा पुन्हा उदाहरणाला घेतलं. त्याचं म्हणणं, नायक फार सज्जन नसावा आणि दुष्ट तर नसावाच. आपल्यातलाच, पण हातून एक मोठी चूक झालेला असावा. पुढे शाळा-कॉलेजांत त्या ‘चुकी’चा ‘स्वभावदोष’ झाला आणि परीक्षेत ‘ईडिपसचा दोष कोणता’ हा प्रश्न येऊन बसला. प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं मत. दोषाच्या मानाने शिक्षा अफाट आहे, म्हणून तर पोटात कालवतं.

(स्पर्धेत हे नाटक ज्या संचात होतं त्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला पटकावला फिलोक्लीस नावाच्या नाटककाराने, एस्किलसच्या भाच्याने. त्याचं एकही पूर्ण नाटक आज शिल्लक नाही.)

एस्किलसकडे हाच विचार आणखी उघडपणे येतो. तो स्वतः इ.स.पू. ४९० ला मॅरेथॉनच्या रणात पर्शियनांशी लढला होता. त्याचं ‘पर्शियन्स’ ही हाती असलेली सर्वांत जुनी शोकांतिका, इ.स.पू. ४७२ ची, म्हणजे सालामिसच्या आरमारी लढाईला आठच वर्षं झालेली. नाटक घडतं शत्रूच्या राजधानीत. ज्यांनी अथेन्स जाळलं त्यांच्या घरचा आकांत अथेन्सकरांपुढे मांडायचा आणि त्यांनी त्याला पहिलं बक्षीस द्यायचं, हेही त्या शहराबद्दल बरंच सांगून जातं. त्यात मेलेल्या दारियस राजाचं भूत थडग्यातून वर येतं आणि मुलाच्या, झर्क्सीसच्या, पराभवाची बातमी ऐकतं. म्हणतं, भाकितं होती खरी. मला वाटलं होतं देव ती कधीतरी लांबच्या काळात पुरी करतील. पण माणूस स्वतःच घाई करायला लागला की देवही हातभार लावतो.

हे वाक्य मला साऱ्या ग्रीक शोकांतिकेची किल्ली वाटतं. भाकीत पडून असतं, कर्जाच्या जुन्या कागदासारखं धूळ खात नव्हे, तर कुणीतरी उचलण्याची वाट बघत. झर्क्सीसने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर होड्यांचा पूल बांधून ते उचललं. बापाला त्यात मुलाची मस्ती दिसते आणि देवाचा हातही दिसतो.

‘आगामेम्नॉन’ इ.स.पू. ४५८ चं, ‘ओरेस्तेइया’ या नाट्यत्रयीतलं पहिलं. ट्रॉयवर निघालेलं आरमार ऑलिसच्या बंदरात अडकलंय, वारा उलटा, माणसं उपाशी. काल्कस ज्योतिषी सांगतो, आर्टेमिस देवी रुसली आहे, राजाने मुलीचा बळी द्यावा. आगामेम्नॉन दोन्ही बाजू बोलून दाखवतो: ऐकलं नाही तर भारी, आणि घराचं लेणं असलेल्या पोरीला कापलं तरी भारी, यातलं कुठलं वाईटावाचून आहे? मी आरमार टाकून पळू कसा? मग कोरस सांगतो, त्याने सक्तीचं जू मानेवर चढवून घेतलं. सक्ती बाहेरून आलेली, पण मान त्याने स्वतः पुढे केली. आणि एकदा केल्यावर त्याचं मनच फिरलं, कशाची भीड म्हणून राहिली नाही. पोरीला बकरीसारखी वेदीवर उचलून धरायला त्याने माणसांना सांगितलं. घराला शाप देऊ नये म्हणून तिचं तोंड बांधलं. केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलं. ती एकेकाकडे बघत राहिली, चित्रातल्यासारखी, नावाने हाक मारायच्या बेतात. कारण ही सगळी माणसं तिच्या ओळखीची, बापाच्या पंगतीला येणारी, तिचं गाणं ऐकलेली. इथे कोरस थांबतो. पुढचं मी पाहिलं नाही आणि सांगणारही नाही, म्हणतो.

याच गाण्यात ते प्रसिद्ध वचन आहे: सोसल्यावाचून शहाणपण येत नाही, हा देवांचा राजा झ्यूस याचा नियम. झोपेत काळजावर आठवणींची कळ ठिबकत राहते आणि नको म्हणणाऱ्यालाही अक्कल येते. सुंदर ओळी आहेत, ठिकठिकाणी उद्धृत होतात. पण नाटकात शिकतं कोण? आगामेम्नॉन दहा वर्षांनी घरी येतो. बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याच्या पायाखाली जांभळ्या रंगाची मोलाची वस्त्रं अंथरते. तो आढेवेढे घेतो, असा मान देवांना शोभतो म्हणतो, आणि वर शहाणपणाचं वचनही ऐकवतो: ज्याचं आयुष्य भरभराटीत संपलं त्यालाच सुखी म्हणावं. मग बायको दोन-चार वाक्यांत त्याला गुंडाळते आणि तो बूट काढून त्या वस्त्रांवरून आत जातो. आत न्हाणीत त्याचा खून होतो. वचन ओठावर होतं, अगदी तोंडपाठ. शोकांतिकेत सुभाषितं स्वस्त असतात. कोरसकडे ती ढिगाने मिळतात आणि पुस्तकांतून तीच वेचून ‘ग्रीकांचं शहाणपण’ म्हणून खपवतात. ज्याच्या तोंडी ती आहेत त्याचं पुढे काय झालं, तेही बघायला हवं.

एस्किलसपुरतं सांगायचं तर शिकतं ते शहर. मुलगा ओरेस्तीस बापाच्या खुनाबद्दल आईला मारतो, सूडदेवता त्याच्या मागे लागतात, आणि तिसऱ्या नाटकात प्रकरण अथेन्समध्ये पंचांपुढे येतं. मतं समसमान पडतात, एथीना देवीच्या मताने तो सुटतो. मग ती सूडदेवतांची मनधरणी करून त्यांना शहरातच मानाची जागा देते. खुनाला खून ही साखळी कुणा संताच्या उपदेशाने तुटत नाही, न्यायालय स्थापून तुटते; आणि तेही काठावरच्या बहुमताने.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक अडचण येते. घराण्याला लागलेला शाप, आजोबाचं पाप नातवाला, हे आपल्याला पटकन समजतं, आणि आपण लगेच त्यात पूर्वकर्म घालतो. निरपराध माणसाचे हाल झाले की ‘मागच्या जन्मीचं देणं’ म्हणून खातं जुळवायची सोय आपल्याकडे आहे. ईडिपसकडे ती नाही. मागचा जन्म नाही, पुढचा नाही, उरलेलं फिटेल अशी दुसरी वही नाही. तुकोबा म्हणतात, ‘आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया’. यातला पहिला अर्धा भाग सोफोक्लीसच्या कुठल्याही नायकाने म्हटला असता. दुसरा म्हणणं त्याला शक्य नव्हतं. ज्या देवावर भार घालायचा, तोच अपोलो समोरच्या बाजूला उभा आहे. म्हणून भोग आहेत तेवढे सगळे माणसाच्या खांद्यावर राहतात. ‘अन्याय झाला’ ही भावना ही नाटकं विझवत नाहीत, आणि विझवायची त्यांची इच्छाही दिसत नाही.

आता वेळेचा मुद्दा, कारण नशीब या नाटकांत पुष्कळदा उशिराच्या रूपाने येतं. सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’मध्ये काल्कस सांगतो की एथीनाचा राग फक्त आजच्या दिवसापुरता आहे, आज योद्धा एजॅक्सला तंबूबाहेर पडू देऊ नका, म्हणजे तो वाचेल. दार उघडं आहे, एका दिवसाचं. निरोप पोहोचतो तेव्हा तो बाहेर पडलेला असतो आणि वाळूत तलवार रोवून तिच्यावर झेपावतो.

‘अँटिगनी’त, साधारण इ.स.पू. ४४१ च्या, हे आणखी बारकाईने आहे. ईडिपसचा मुलगा पॉलिनायसीस स्वतःच्या शहरावर चालून आला आणि मेला. नवा राजा क्रेऑन, म्हणजे ईडिपसचा मेहुणा, हुकूम काढतो, त्याचं प्रेत उघड्यावर सडू द्या. बहीण अँटिगनी हुकूम मोडून त्याच्यावर माती टाकते. क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत चिणतो. टायरेसियस येऊन सांगतो, चूक कुणाच्याही हातून होते, पण चुकल्यावर जो सावरतो तो काही मूर्ख नव्हे. क्रेऑन अडतो, चिडतो, आणि शेवटी ऐकतो! लोक हे विसरतात. तो हट्टाने नाश पावला असंच सांगतात. तो कोरसला विचारतो, मी काय करू? कोरस सांगतो, जा, आधी पोरीला गुहेतून सोडव आणि मग मेलेल्याला कबर बांध. क्रेऑन धावत सुटतो. पण निरोप्याच्या तोंडून आपल्याला कळतं की त्याने क्रम उलटा केला. आधी प्रेताकडे गेला, ते धुतलं, उरलंसुरलं जाळलं, वर मातीचा उंच ढिगारा रचला आणि मग गुहेकडे वळला. तोवर अँटिगनीने ओढणीचा फास करून घेतला होता. वरातीमागून घोडं. क्रेऑनचा मुलगा हेमॉन, जो तिच्याशी लग्न करणार होता, बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, तीच तलवार स्वतःत खुपसतो. घरी बातमी पोहोचते, राणी जीव देते.

क्रम उलटा का झाला, हे सोफोक्लीस सांगत नाही. माझा अंदाज असा की अधिकारी माणूस आहे, त्याला सरकारी चूक आधी दुरुस्त करावीशी वाटली, माणूस नंतर. कुणी म्हणेल देवाचा मान आधी. नाटकात दोन्हीला जागा आहे. पण कुठलाही देव येऊन त्याला उलट्या वाटेने ढकलत नाही, एवढं खरं.

युरिपिडीस या दोघांहून वेगळा. त्याच्याकडे देव रंगमंचावर येतात, बोलतात, आणि जितकं जास्त बोलतात तितके कमी आदरणीय वाटतात. हयातीत त्याला बक्षिसं कमीच मिळाली, इ.स.पू. ४३१ ला ‘मीडिया’चा संच तिसरा, म्हणजे शेवटचा आला. नवऱ्याने सोडलेली मीडिया स्वतःच्या मुलांना मारायला निघते तेव्हा दैवाचं नावही घेत नाही. काय वाईट करतेय ते मला कळतंय, म्हणते, पण माझा संताप माझ्या विचारांपेक्षा बळकट आहे. इथे नशीब माणसाच्या आतच येऊन बसलंय.

‘हिपॉलिटस’च्या शेवटी थिसियस राजाच्या शापाने त्याचा निरपराध मुलगा हिपॉलिटस मरायला टेकलाय. आर्टेमिस प्रकटते, सगळा उलगडा करते. हे प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीचं काम. मी मध्ये पडू शकले नाही, कारण देवांत एकमेकांच्या इच्छेआड न येण्याचा रिवाज आहे. हिपॉलिटसने आयुष्यभर तिलाच भजलेलं. तिला त्याची दया येते, पण देवांना अश्रू ढाळायची मुभा नाही. मरणाऱ्या माणसाकडे बघणंही तिला वर्ज्य, म्हणून ती निघून जाते. तो म्हणतो, इतका जुना संबंध किती सहज सोडतेस. मग रंगमंचावर उरतात फक्त दोघं, शाप देणारा बाप आणि मरणारा मुलगा. मुलगा बापाला या खुनातून मोकळं करतो. अमर असणाऱ्यांना जे जमत नाही ते मरणाऱ्याला जमतं. या नाटकांत आयुष्याबद्दल काही आशेचं असेल तर ते अशा जागी आहे, आणि ते देवांकडून आलेलं नाही.

त्याचं ‘बॅकाय’ मृत्यूनंतर, साधारण इ.स.पू. ४०५ ला रंगमंचावर आलं आणि पहिलं आलं. डायोनिससला मान दिला नाही म्हणून थीब्जचा राजा पेंथियस याला त्याची आईच, अगावी, देवाने भारलेल्या अवस्थेत फाडते आणि सिंहाचं समजून त्याचं शिर मिरवत घरी येते. तिचा म्हातारा बाप कॅडमस तिला शुद्धीवर आणतो. कसा, ते बघा. ओरडत नाही, शिर हिसकावत नाही. आधी आकाशाकडे बघ, म्हणतो. तसंच दिसतं की बदललं? थोडं उजळ दिसतं. मनातली ती धुंदी अजून आहे? कळत नाही, पण काहीतरी निवळतंय. लग्न होऊन कुणाच्या घरी गेलीस? मुलगा कोण झाला? मग, तुझ्या हातात डोकं कुणाचं आहे? पायरी पायरीने तो लेकीला त्या एका उत्तरापर्यंत आणतो, कारण तिथवर आल्याशिवाय तिची सुटका नाही. हे प्रश्न इतके हळुवार आणि अचूक आहेत की मनोविकारांवर इलाज करणारेही त्या प्रवेशाकडे कुतूहलाने बघतात.

नंतर कॅडमस डायोनिससला सांगतो, चुकलो आम्ही, पण तू फार केलंस. देवांनी रागाच्या बाबतीत माणसांसारखं असू नये. देवाचं उत्तर: माझ्या बापाने, झ्यूसने, हे पूर्वीच मंजूर केलं होतं. संपलं. विधिलिखिताकडे बोट दाखवून हात झटकणारा इथे देव आहे. माणसं तसं करत नाहीत. ईडिपसने ‘हात माझा होता’ म्हटलं, त्याच्यासमोर हे उत्तर ठेवून पाहा.

सोफोक्लीस नव्वदीला टेकला तेव्हा पुन्हा ईडिपसकडे वळला. ‘कोलोनस येथे ईडिपस’ त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ ला, नातवाने रंगमंचावर आणलं. कोलोनस हे सोफोक्लीसचं स्वतःचं जन्मगाव. आंधळा ईडिपस मुलीचा हात धरून तिथे येतो आणि आता वेगळंच बोलतो: माझी कृत्यं मी केलेली कमी आणि सोसलेली जास्त. क्रेऑन टोमणे मारतो तेव्हा वकिलासारखा उलट सवाल करतो: आत्ता इथे कुणी तुला मारायला धावला, तर तू बाप आहेस का म्हणून विचारशील की आधी वार परतवशील? मुद्दा बिनतोड आहे. तरुणपणी ज्याने सगळं अंगावर घेतलं तो म्हातारपणी म्हणतो, कायद्याने मी स्वच्छ आहे. दोन्ही खरं आहे. याच नाटकात कोरस गातो की जन्मालाच न येणं सर्वांत बरं. ती ओळही खूप उद्धृत होते. पण तिच्या पुढे-मागे जो म्हातारा वावरतो तो जगण्याला विटलेला मुळीच वाटत नाही. भांडतो, लेकींवर माया करतो, आश्रय मागतो आणि बदल्यात अथेन्सला आपल्या थडग्याचा आशीर्वाद देऊ करतो.

शहाणा झाला म्हणावं, तर तेही पुरतं नाही. सुंभ जळला तरी पीळ कायम. मुलगा पॉलिनायसीस थीब्जवर चाल करून जाण्याआधी त्याचा पाठिंबा मागायला येतो. ईडिपस त्याला शाप देतो: तू आणि तुझा भाऊ एकमेकांच्या हातून मराल. भाकीत झालं. आता अँटिगनी भावाला अडवते. सैन्य मागे फिरव, स्वतःचा आणि शहराचा नाश करू नकोस. तो म्हणतो, जमणार नाही. एकदा भ्यालो असं दिसलं तर हेच सैन्य पुन्हा माझ्यामागे कसं येईल? आणि हे भाकीत सैनिकांच्या कानावर घालणार का, असं ती विचारते तेव्हा तो म्हणतो, वाईट बातमी सांगायची नसते. शहाणा सेनापती चांगलं तेवढंच सांगतो. म्हणजे शाप बापाचा, पण लपवायचा निर्णय मुलाचा. जाताना तो बहिणींकडे एकच मागणं करतो, मी पडलो तर मला नीट पुरा. ते मागणं पुरं करताना अँटिगनीला काय भोगावं लागलं, ते सोफोक्लीसने साधारण चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.